मॅन पेज आधी, सर्च नंतर

राहायला मी ठाण्यात, काम रबाळेच्या एका डेटा सेंटरमध्ये, पोस्टग्रेस या डेटाबेसवर. आत जाताना मोबाइल लॉकरमध्ये ठेवावा लागतो आणि सर्व्हरवरून बाहेरचं इंटरनेट दिसत नाही. त्यामुळे मला मॅन पेज, म्हणजे प्रोग्रामसोबत येणारं आणि "मॅन" कमांडने उघडणारं मॅन्युअल, वाचायची सवय लागली असावी, असं बऱ्याच जणांना वाटतं. पण बाहेर टेबलावर बसून, नेट चालू असतानाही मी आधी मॅन पेजच उघडते.

कारण आहे व्हर्जन. प्रोग्रामसोबत आलेलं मॅन्युअल त्याच प्रोग्रामचं असतं. सर्चमध्ये वर आलेलं पान कुठल्या व्हर्जनचं, ते मात्र आपणच तपासायचं. पोस्टग्रेसमध्ये मोठ्या टेबलाला डीफॉल्टसकट, म्हणजे आपोआप भरायच्या किमतीसकट, नवीन कॉलम जोडायचा असेल, तर कितीतरी लेख सांगतात की असं करू नका, आधी रिकामा कॉलम जोडा, मग थोड्या थोड्या ओळी अपडेट करा. सल्ला अगदी बरोबर होता, 2018 मध्ये 11 व्हर्जन येईपर्यंत. तोवर अख्खं टेबल नव्याने लिहिलं जायचं आणि तेवढा वेळ लॉक राहायचं. 11 पासून डीफॉल्ट एकच ठरलेली किंमत असेल तर टेबलाला हातही लागत नाही. प्रत्येक ओळीला वेगळी रँडम किंमत हवी असेल तर मात्र आजही पुन्हा लिहावं लागतं. लेख लिहिणाऱ्याचं काहीच चुकलेलं नाही, लेख फक्त जुना झालाय. पोस्टग्रेसच्या अधिकृत ऑनलाइन पानावर वरच व्हर्जनचे आकडे दिलेले असतात. ते पाहिल्याशिवाय मी खाली सरकत नाही.

सोबत आलेल्या मदतीलाही डोळे मिटून मानू नये. पोस्टग्रेसला कमांड द्यायच्या पीएसक्यूएल या प्रोग्राममध्ये बॅकस्लॅश एच दिलं की कमांडचं सिंटॅक्स दिसतं, पण ते पीएसक्यूएलच्या व्हर्जनचं असतं, सर्व्हरच्या नाही. क्लायंट, म्हणजे पीएसक्यूएल, 16 आणि सर्व्हर 12 असेल तर दिसणार 16 चंच.

आमच्या टीममधल्या एका नव्या मुलाचं म्हणणं, "ताई, मॅन पेज उघडलं की कुठून वाचायचं तेच कळत नाही." त्याचं खरं आहे. एखादी गोष्ट पहिल्यांदा शिकायची असेल तर चांगलं ट्युटोरियलच हवं, आणि ते बहुतेक वेळा नेटवरच सापडतं. मॅन पेज शिकवत नाही, ते नेमकं काय होईल ते सांगतं. त्याला महिन्याच्या पहिल्या रविवारी एक बॅकअप चालवायचा होता. क्रॉनमध्ये, म्हणजे ठरल्या वेळी कामं आपोआप चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये, तारीख 1 ते 7 आणि वार रविवार, असं लिहायचं त्याने ठरवलं होतं. मी म्हटलं, "आधी वाच." क्रॉनचं वेळापत्रक म्हणजे क्रॉनटॅब. त्याने मॅन क्रॉनटॅब दिलं, तर नुसती त्या नावाच्या कमांडची माहिती आली. वेळापत्रकाच्या पाच रकान्यांचं वर्णन असतं मॅन्युअलच्या पाचव्या सेक्शनमध्ये, म्हणजे मॅन पाच क्रॉनटॅब. तिथे स्पष्ट लिहिलंय की तारीख आणि वार दोन्ही दिले असतील तर दोन्हींपैकी एक जुळलं तरी काम चालतं. म्हणजे त्याचा बॅकअप 1 ते 7 रोज चालला असता, शिवाय प्रत्येक रविवारी. मग त्याने क्रॉनमध्ये फक्त तारखा ठेवल्या आणि वार स्क्रिप्टमध्ये तपासला.

यूनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमचं पहिलं मॅन्युअल 3 नोव्हेंबर 1971 चं, ती बनवणाऱ्या केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांचं. तेव्हापासून त्यात "बग्ज" नावाचा भाग आहे. प्रोग्राम कुठे कमी पडतो, ते त्याच पानावर, लिहिणाऱ्यानेच सांगायचं. मला या पद्धतीबद्दल फार आदर आहे. इतक्या सरळपणे आपल्या कामाबद्दल बोलणारं लिखाण आमच्या क्षेत्रात कमीच.

म्हणूनच कंटेनरमध्ये, म्हणजे प्रोग्राम लागेल तेवढ्याच सामानासकट बांधून चालवतात त्या डब्यात, मॅन पेजेस नसतात याचं मला वाईट वाटतं. उबुंटू या लिनक्सच्या डॉकर इमेजमध्ये, म्हणजे कंटेनर ज्यावरून बनतो त्या साच्यात, जागा वाचवण्यासाठी ती काढलेली असतात. अल्पाइन या छोट्या लिनक्समध्ये ती वेगळ्या डॉक पॅकेजमधून घ्यावी लागतात. प्रॉडक्शनसाठी, म्हणजे प्रत्यक्ष वापरातल्या सर्व्हरसाठी, हे पटण्यासारखं आहे. पण शिकणारी पोरंही त्याच इमेजमध्ये बसून काम करतात, आणि "मॅन" दिलं की हाती काहीच लागत नाही, मग ती सरळ सर्चकडे वळतात.

आमच्या जंप सर्व्हरवर, म्हणजे ज्याच्यामार्फत बाकीच्या सर्व्हरवर जातो त्या मशीनवर, मी आता पोस्टग्रेसच्या आम्ही वापरतो त्या सगळ्या व्हर्जनची मॅन्युअलं एचटीएमएलमध्ये ठेवलीयत, आकड्यांच्या वेगवेगळ्या फोल्डरमध्ये. बॅकअप स्क्रिप्टलाही मॅन पेज लिहिलं. त्या मुलाने आग्रह धरला म्हणून उदाहरणं वर घेतली, पर्यायांच्याही आधी, आणि ते वाचायला खरंच सोपं झालं. शेवटी बग्ज आहेच. सध्या तिथे लिहिलंय: डिस्क भरली तर स्क्रिप्ट थांबते, पण अर्धवट फाइल मागे राहते, ती हाताने काढावी.