बांधावरची एकदांडी

दुकानात हल्ली लोक मोबाइल पुढे करतात आणि विचारतात, "ताई, हे खरं हाय काय?" परवाच्या मेसेजात एकदांडीचा फोटो होता. खाली लिहिलेलं, चरकसंहितेतलं हजारो वर्षांचं गुपित. मधुमेह, मूतखडा, टक्कल, सगळ्यावर एकच पाला. माझं कोल्हापुरात मंगळवार पेठेत मेडिकल आहे. गिऱ्हाइकांच्या गर्दीत उभ्या उभ्या सांगून भागत नाही, म्हणून इथे लिहिते.

एकदांडी तुम्ही सगळ्यांनी बघितलेली आहे. पन्हाळ्याच्या वाटेवर, विद्यापीठाच्या आवारात, रंकाळ्याच्या कडेला, पडक्या भिंतीच्या फटीत. झाड जमिनीलगत पसरतं आणि त्यातून वीतभर, कधी हातभर उंच, बारीक केसाळ दांडी सरळ वर येते. एका दांडीवर एकच फूल. मधे पिवळं, भोवती मोजक्या पांढरट पाकळ्या आणि प्रत्येक पाकळीच्या टोकाला तीन दाते. पानं जाडसर, कडेला दातेरी, दोन्ही बाजूंनी लवदार, हाताला खरखरीत. कुणी दगडी पाला म्हणतं, कुणी कंबरमोडी. बारा महिने फुलते.

आमचं गाव भोगावतीच्या काठाला, सगळी उसाची शेती. उसाचा पाला कापतो हे ज्याने उसात काम केलंय त्यालाच कळतं. पात्याच्या कडेला बारीक करवत असते, हात-मानेवर रेघा उठतात आणि घाम लागला की आग होते. शिवाय खुरपं, विळा, तोडणीचा कोयता. माझी थोरली आत्या, तिला सगळं गाव आक्का म्हणायचं, खुरपणीच्या बायकांची ती मुकादमच होती म्हणा ना. कुणाला कापलं की हाक आक्काला.

तिची पद्धत ठरलेली होती. आधी जखमेवर कळशीतलं पाणी. मग शेंड्याकडची कोवळी पानं खुडायची, तीही धुवायची, तळहातावर अंगठ्याने चुरगाळून हिरवा रस निघेपर्यंत रगडायची. रस जखमेवर पिळायचा आणि चोथा वर दाबून धरायचा. झोंबतं चांगलंच. "हलू नको, मी धरतो हितं," असं म्हणून ती मनगट असं पकडायची की हलायची सोयच नसायची. थोड्या वेळात रक्त थांबायचं. मग धुतलेल्या लुगड्याची चिंधी.

पण मला तिच्या औषधापेक्षा तिचे नकार जास्त महत्त्वाचे वाटतात. जखम खोल असली, कडा उघडी पडली, तर पाला नाही, थेट दवाखाना. गंजकं लोखंड लागलं तर पाला लावूनही दवाखाना. गुऱ्हाळावर काहिलीचा चटका बसला तर नुसतं गार पाणी, पाला अजिबात नाही. डोळ्याजवळ नाही. तान्ह्या पोराला नाही. बैलाचा खांदा जुवाने सोलला तर मात्र चालेल, तिथे ती पाला पाट्यावर वाटून लेप द्यायची. माझा भाऊ तालमीत जायचा, लाल मातीत कोपर-गुडघे खरचटून यायचा, त्यालाही आधी आंघोळ आणि मगच पाला. आणि पोटात घ्यायला तिने एकदांडी कुणालाही दिलेली मला आठवत नाही.

आता त्या मेसेजाकडे येते. एकदांडी चरकसंहितेत असूच शकत नाही. हे झाड मूळचं अमेरिका खंडातलं, मेक्सिकोपासून खाली दक्षिण अमेरिकेच्या उष्ण भागापर्यंतचं. लिनियस या स्वीडनच्या वनस्पतिशास्त्रज्ञाने १७५३ मध्ये त्याला ट्रायडॅक्स प्रोकम्बेन्स हे शास्त्रीय नाव दिलं. सूर्यफुलाच्या कुळातलं आहे. बीला पिसांसारखा तुरा असतो, वाऱ्यावर कुठेही जातं. माणसांच्या ये-जा करण्याबरोबर ते समुद्र ओलांडून आलं आणि आपल्या बांधांवर रुजलं. सुश्रुतसंहितेत व्रणावरचे, म्हणजे जखमेवरचे, साठ उपचार सांगितलेत, इतका बारकाईने विचार तिथे आहे. पण त्या काळी हे झाड इथे नव्हतंच.

हे सांगितलं की गिऱ्हाइकांचे चेहरे पडतात. जणू प्राचीन नसेल तर खोटं. मला अगदी उलट वाटतं. याचा अर्थ, ग्रंथात लिहिलेलं नसताना, कुणा वैद्याने सांगितलेलं नसताना, शेतात राबणाऱ्या माणसांनी एक परकं तण हातात घेतलं, चुरगाळलं, जखमेवर लावलं, काय होतं ते बघितलं आणि शेजारणीला सांगितलं. मराठवाड्यातून तोडणीला येणाऱ्या बायकाही बोट कापलं की याच पाल्याकडे वळताना मी बघितल्यात. त्यांना आणि आक्काला कुणी एका वर्गात बसवून शिकवलं नव्हतं. ही पारख त्यांची स्वतःची आहे. ती ऋषींच्या नावावर चढवणं मला अन्यायाचं वाटतं.

आणि पारख दोन्ही बाजूंनी चालते. काँग्रेस गवतही अमेरिकेतूनच आलं, १९५०च्या दशकात पुण्यात दिसलं आणि बघता बघता सगळीकडे पसरलं. त्याचं कौतुक कुणी केलं नाही. उपटताना अंगाला खाज सुटते, कातडी सुजते, कुणाला दमा उसळतो, हे लोकांनी ओळखलं. म्हणून सांगते, पाला तोडताना नीट बघा. काँग्रेस गवताचं पान गाजराच्या पानासारखं चिरलेलं असतं आणि फुलं बारीक पांढरी, झुपक्यात येतात.

प्रयोगशाळेत एकदांडीवर काम झालेलं आहे. उंदरांवरच्या काही प्रयोगांत पानांच्या अर्काने जखम भरायला मदत झालेली दिसली. पानात टॅनिन असतात, तुरट असतात, वरवरचं रक्त थांबण्याशी त्यांचा संबंध लावता येतो. पण उंदरावर दिसलं म्हणजे माणसाच्या मधुमेहावर गोळी बंद करून पाला खायचा, असं होत नाही. माझ्याकडे एक काका येतात, साखर वाढलेली, पायाला जखम, आणि त्यावर कुणाच्या तरी सांगण्यावरून पाल्याचा लेप. मधुमेहात पायाची संवेदना कमी होते, रक्तपुरवठा कमी होतो, जखम आतून चिघळते आणि वरून कळत नाही. पाय गमावण्यापर्यंत वेळ येते. त्यांना मी काउंटरवरून मलमही दिलं नाही, आधी डॉक्टरांकडे पाठवलं. धनुर्वाताचंही तसंच. त्याचे जंतू मातीत, शेणात असतात आणि कुठलाही पाला त्यांना अडवत नाही. इंजेक्शनच घ्यायला हवं.

आणखी एक गोष्ट आक्काच्या वेळी नव्हती. उसात आता तणनाशक फवारतात. बांधावरचा हिरवागार दिसणारा पाला काल-परवा फवारलेला असू शकतो, आणि तो उघड्या जखमेवर लावायचा म्हणजे विषच चोळणं. रस्त्याकडेचा, गटाराजवळचा पालाही नको. आमच्या शेतात भावाने विहिरीकडचा बांध फवारायचा नाही असं ठरवलंय. तिथे एकदांडी, माका, आघाडा, जे येईल ते येऊ देतो. खुरपणीला येणाऱ्या बायकांना त्याने तो बांध दाखवून ठेवलाय, पाला लागला तर तिथलाच घ्या म्हणून.