अकरा महिन्यांचा करार : दुसरा खर्डा, नोंद चौथी

गेल्या नोंदीच्या वेळी कादंबरीचे ३८ हजार शब्द होते, आज ३३ हजार आहेत. महिनाभर लिहून कादंबरी ५ हजारांनी आटली आणि मी खूश आहे. उडवलं ते सगळं रडणं होतं.

नवीन मंडळींसाठी: ऋचा आणि मिहीर, कोथरूडमधला वन बीएचके, दोघांच्या नावावर ११ महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स, म्हणजे भाड्याचा करार. तिसऱ्या महिन्यात तो निघून जातो. डिपॉझिट अडकलेलं, म्हणून उरलेले आठ महिने ती त्याच घरात काढते. कादंबरीचा काळ तेवढाच.

पहिल्या खर्ड्यात हा करार मी शंभराच्या स्टॅम्पपेपरवर उरकला होता. आमच्यातल्याच एकाने, जो हीच कामं करतो, माझा कान धरला. महाराष्ट्रात भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदवलेला लागतो, अगदी ११ महिन्यांचा असला तरी; आणि ती जबाबदारी घरमालकाची. नोंदणी म्हटल्यावर एजंट मशीन घेऊन घरी येणार, फोटो काढणार, अंगठे घेणार. चूक निस्तरताना पुस्तकातला सगळ्यात चांगला प्रसंग हाती लागला. ऋचा नुकतीच भांडी घासून आलेली, मशीन तिचा अंगठा घेतच नाही. मिहीर आपल्या शर्टाच्या टोकाला तो पुसतो. चौथ्यांदा उमटतो. एजंट घड्याळ बघतो. मिहीर गेल्यानंतर मला गोड आठवणींचं वेगळं प्रकरण लिहावंच लागलं नाही.

अडलंय सातव्या प्रकरणात. माणूस वारलं तर सुतक असतं, दहावा-तेरावा असतो, शेजारचे पिठलं-भात आणून देतात. इथे माणूस ठणठणीत आहे, बाणेरला राहतो, स्टेटस टाकतो. ऋचाने रजा तरी काय म्हणून मागायची? मग मी ती दिलीच नाही. ती ऑफिसला जाते, रात्री साताऱ्याहून आईचा फोन येतो.

"आवाज बसलाय का गं?"
"सर्दी झालीये."
"ज्येष्ठमध चघळ. दिवसभर एसीत बसता तुम्ही."

आठवड्याभरात कुणाच्या तरी हाती ज्येष्ठमधाची पुडी येते. आईने ओळखलंय की नाही? दोघीतिघींनी "सांगून टाक की एकदाचं" असं सुचवलंय. नाही सांगणार.

शब्दाचीही पंचाईत आहेच. 'फिसकटलं' ठरलेल्या लग्नाचं, 'काडीमोड' झालेल्या लग्नाचा, आणि 'प्रेमभंग' म्हटलं की मागे कुणीतरी पेटी काढून बसलंय असं वाटतं. ऋचा मैत्रिणीला म्हणते, "आमचं संपलं." आईसमोर म्हणाली असती तर आईने विचारलं असतं, "काय, गॅस?"

शेवट बदललाय. नव्या घराच्या कराराला तिचा एकटीचा अंगठा पहिल्या झटक्यात उमटतो, असं लिहिलं होतं. वाचून मलाच टाळ्या ऐकू आल्या, म्हणून खोडलं. सध्या ती भिंतीतले खिळे उपसतेय, नाहीतर डिपॉझिटमधून रंगाचे पैसे कापतील. बेडरूममधले दोन काही निघत नाहीयेत. ते मिहीरने ठोकलेले. रविवारी तिथून पुढे.