ओव्हनची सफाई : खाण्याचा सोडा, पाणी आणि दोन रात्री

ओव्हन तापत ठेवला की पहिल्या दहा मिनिटांतच त्यातून करपट वासाचा धूर येऊ लागे, आणि दाराच्या काचेवर तपकिरी थर इतका दाट बसला होता की आतला दिवा लावूनही पदार्थ फुगला की करपला, हे दार उघडल्याशिवाय कळत नसे. उडालेले तेलाचे शिंतोडे ‘नंतर पुसू’ म्हणून प्रत्येक वेळी तसेच राहिले होते आणि पुढच्या वेळच्या उष्णतेने ते पक्के भाजले गेले होते.

यापूर्वी एकदा मी ओव्हन साफ करण्याचा तयार फवारा वापरून पाहिला होता. त्याने मळ निघाला, हे मान्यच केले पाहिजे. पण फवारल्याबरोबर घसा असा काही चुरचुरला की उरलेले काम मी सगळ्या खिडक्या उघडून, मान बाहेर वळवून कसेबसे उरकले. डब्यावरची बारीक अक्षरे नंतर वाचली, तेव्हा त्यात सोडियम हायड्रॉक्साइड, म्हणजेच कॉस्टिक सोडा असल्याचे कळले. हा पदार्थ त्वचा भाजतो, डोळ्यांना कायमची इजा करू शकतो आणि ॲल्युमिनियमही खातो. म्हणून या खेपेस घरात आधीच असलेल्या वस्तूंवर भागवायचे ठरवले. खाण्याचा सोडा, पांढरे व्हिनेगर, भांडी घासण्याचा द्रव साबण आणि गरम पाणी, एवढीच माझी सामग्री होती.

पहिला प्रयत्न सपशेल फसला. एका भांड्यात सोडा घेऊन त्यावर मी व्हिनेगर ओतले, फसफसून फेस वर आला, तो फेस ओव्हनच्या तळाशी पसरला आणि अर्ध्या तासाने घासायला बसलो. हात दुखून आले, पण थर जागचा हलला नाही. कारण शोधू गेल्यावर स्वतःचेच हसू आले. सोडा अल्कधर्मी आणि व्हिनेगर आम्लधर्मी; दोघे एकत्र आले की एकमेकांचा प्रभाव संपवतात आणि मागे उरते ते मुख्यतः पाणी व सोडियम ॲसिटेट. फेस म्हणजे निसटून जाणारा कार्बन डायऑक्साइड. डोळ्यांना तो कामाचा वाटतो, मात्र भाजलेल्या तेलकटपणावर त्याचा फारसा परिणाम होत नाही. दोन्ही वस्तू उपयोगी आहेत, पण एकामागून एक वापरल्या तर.

मळ नेमका कशाचा आहे, हेही तोवर मी पाहिले नव्हते. ताजा तेलकटपणा साबणाच्या गरम पाण्याने निघतो. उष्णतेने वारंवार तापलेल्या तेलाचे रेणू मात्र एकमेकांना जोडले जाऊन रोगणासारखा कडक थर तयार होतो, आणि त्याच्याही वर, उतू गेलेल्या गोड पदार्थाचा अक्षरशः कोळसा झालेला असतो. असा थर एका झटक्यात विरघळत नाही. सौम्य अल्कली त्याला हळूहळू मऊ करते, आणि त्यासाठी तिला वेळ आणि ओलावा दोन्ही लागतात.

दुसऱ्या खेपेस संध्याकाळी, ओव्हन पूर्ण थंड असताना, प्लग काढून ठेवला. जाळ्या आणि ट्रे बाहेर काढले आणि सुटे कण कोरड्या ब्रशने झाडून घेतले. अर्धा कप सोड्यात तीन-चार मोठे चमचे पाणी घालून, हाताने फासता येईल पण ओघळणार नाही असा लेप केला आणि रबरी हातमोजे घालून तळाला, भिंतींना व दाराच्या आतल्या काचेला लावला. तापणाऱ्या कॉइल, पंख्याची जाळी, दिवा आणि दाराभोवतीची रबरी पट्टी यांना मी तो लागू दिला नाही. गॅसच्या ओव्हनमध्ये बर्नरची छिद्रेही अशीच टाळावी लागतात. ज्यांच्या ओव्हनच्या भिंतींना आतून खरखरीत कॅटॅलिटिक पत्रे, म्हणजे उडालेले तेल ओव्हन तापताना आपोआप जाळून टाकणारे पत्रे, लावलेले असतात, त्यांनी त्या पत्र्यांवर लेप मुळीच लावू नये. त्यांची बारीक छिद्रे बुजून ते निकामी होतात.

लेप लावून रात्रभर ठेवावा असे सगळीकडे सांगितले जाते, परंतु तो वाळला की त्याचे काम जवळजवळ थांबते, हे कोणी सांगत नाही. मी झोपण्यापूर्वी दोनदा साध्या पाण्याचा फवारा मारून लेप ओला केला. जिथे फवारा नीट पोहोचला तिथे सकाळपर्यंत पांढरा लेप तपकिरी झाला होता. वरच्या कोपऱ्यात, जिथे माझा हात नीट गेला नव्हता, तिथे तो खडूसारखा कोरडा आणि पांढराच राहिला होता. तो फरक पाहूनच मला ओलाव्याचे महत्त्व पटले.

सकाळी ओल्या कापडाने लेप पुसला आणि चिकटून राहिलेले एका जुन्या प्लास्टिकच्या कार्डाने खरवडले. काचेवरचा थर आश्चर्य वाटावे इतका सहज सुटला. सोड्याचे कण काचेपेक्षा बरेच मऊ असल्याने ओरखडा उमटत नाही. लोखंडी तारेची घासणी मात्र मी हातात घेतली नाही, कारण ओव्हनचा आतला मुलामा, म्हणजे एनॅमल, ही पोलादावर वितळवून बसवलेली काचच असते आणि तिला तडा गेला की खालच्या पत्र्याला गंज लागतो.

व्हिनेगरची पाळी आली ती यानंतर. कितीही पुसले तरी सोड्याची पांढरी भुकटी फटींतून दिसतच होती. त्यावर निम्मे पाणी घातलेले व्हिनेगर फवारल्यावर ती किंचित फसफसून विरघळली आणि दोनदा स्वच्छ पाण्याने पुसल्यावर पृष्ठभाग लख्ख झाला. इथे एक धोका सांगणे आवश्यक आहे: व्हिनेगर आणि ब्लीच कधीही एकत्र करू नये, त्यातून क्लोरीन हा विषारी वायू निघतो.

जाळ्यांचे काम त्यामानाने सोपे होते. मोठ्या टबात खूप गरम पाणी, साबण आणि मूठभर सोडा घालून त्या चार तास बुडवून ठेवल्या, आणि मग नायलॉनच्या घासणीने घासल्या.

एवढे होऊनही तळाच्या मध्यभागी गोड पदार्थाच्या कोळशाचा तळहाताएवढा काळा डाग तसाच होता. त्यासाठी मी थोडा जास्त तीव्र उपाय केला. स्वच्छ झालेल्या ओव्हनमध्ये स्टीलच्या ताटलीत खाण्याचा सोडा पसरून तो सुमारे 200 अंश सेल्सिअसवर तासभर भाजला. त्यातून पाणी आणि कार्बन डायऑक्साइड निघून जातात आणि सोडियम कार्बोनेट, म्हणजे धुण्याचा सोडा, तयार होतो. 100 ग्रॅमचे साधारण 63 ग्रॅम उरतात. वजन घटणे थांबले की बदल पूर्ण झाला असे समजावे. ही भुकटी खाण्याच्या सोड्यापेक्षा बरीच अधिक अल्कधर्मी असते. ती कॉस्टिकइतकी घातक नसली तरी त्वचेला आणि डोळ्यांना झोंबते, म्हणून हातमोजे चुकवू नयेत, आणि ॲल्युमिनियमच्या भांड्याला किंवा पत्र्याला ती लावू नये. ओव्हन पुन्हा पूर्ण थंड झाल्यावर आणि प्लग काढल्यावर, डागावर ओले कापड पसरून त्याखाली हिचा लेप तासभर ठेवला, पुसला, आणि रात्री पुन्हा साध्या सोड्याचा लेप लावून कापड ओले ठेवले. दुसऱ्या सकाळी डागाचा बहुतेक भाग पापुद्र्यांसारखा उचलून आला.

शेवटी ओव्हन रिकामाच 20 मिनिटे तापवला. धूर आला नाही. किंचित आंबट वास आला आणि पाच मिनिटांत विरला. दाराच्या दोन काचांच्या मधोमध एक ओघळ अजून दिसतो. तिथे पोहोचायला दाराचे भाग सुटे करावे लागतात, आणि माझ्या ओव्हनच्या माहितीपत्रकात ते काम कारागिराकडून करून घ्यावे असे लिहिलेले असल्याने मी त्याला हात लावला नाही. मागच्या उजव्या कोपऱ्यात कोळशाचा एक ठिपकाही उरला आहे. तो काढण्यासाठी धातूची पाती लावावी लागेल आणि मुलामा उडेल, म्हणून तो तसाच राहू दिला आहे.