शंकरअण्णाचं मालगुडी

'मालगुडी डेज' दूरदर्शनवर आलं 1987 साली. तेव्हा मी तिसरीत होते. सुरुवातीची ती धून कानावर पडली की आम्ही भावंडं हातातलं टाकून टीव्हीपुढे. मालगुडी नकाशात शोधून सापडेना, म्हणून रडलेही होते. आर. के. नारायण यांनी ते गाव मनानं उभं केलंय, हे पुढं कळलं. पण मालिकेचा दिग्दर्शक, कन्नड नट शंकर नाग यानं ते पडद्यासाठी जिथं उभं केलं ते कर्नाटकातलं आगुंबे खरं आहे, आणि यंदा डिसेंबरात भावाबरोबर तिथं जाऊन आले.

कोल्हापूरहून गाडीनं शिवमोगा, तिथून तीर्थहळ्ळीवरून पुढं. तीर्थहळ्ळी सोडलं की रस्ता झाडीत शिरतो तो शिरतोच. 'दक्षिणेचं चेरापुंजी' म्हणतात आगुंब्याला. पाऊस सरला होता, तरी दगडी गडग्यांवरचं शेवाळ ओलंच. गाव एवढंसं, एका मुख्य रस्त्याचं. त्या रस्त्यावरच दोड्डमने. दोड्ड म्हणजे मोठं, मने म्हणजे घर. मालिकेतल्या छोट्या नायकाचं, स्वामीचं घर ते हेच.

आत पाऊल टाकलं आणि मला बोलताच येईना. मधे उघडा चौक, भोवती लाकडी खांबांची पडवी, कौलांतून उतरणारं तिरपं ऊन. एका खांबाला हात लावला. माणसाच्या खांद्याच्या उंचीला तो अगदी गुळगुळीत झालाय. पिढ्यान्‌पिढ्या लोक तिथं टेकले असणार. याच घरात गिरीश कार्नाड स्वामीचे कडक वडील झाले होते. घरातल्या बाईंनी काही न विचारता गरम कषाय आणून दिलं, धने-जिऱ्याचा दूध-गूळ घातलेला काढा. घोट घेता घेता मी पडवीत बसून राहिले. सेट उभारून हे घर मिळालं नसतं. शंकर नागची नजर मला इथं कळली. त्यानं घराला मालगुडी केलं नाही, मालगुडीला या घरात राहायला आणलं.

तेव्हा त्याचं वय जेमतेम बत्तीस. होन्नावरकडचा, घरात कोंकणी बोलणारा हा मुलगा मुंबईत आला, बँकेत नोकरी करत मराठी नाटकांत रमला. तिथंच त्याला पुढं पत्नी झालेल्या अरुंधती भेटल्या. '22 जून 1897' या चाफेकर बंधूंवरच्या मराठी चित्रपटाच्या पटकथेत त्याचा हात आहे, हे आपल्याकडं किती जणांना ठाऊक आहे? मला ही गोष्ट फार लागते. 1978 मध्ये कार्नाडांनी त्याला कन्नड चित्रपटात घेतलं आणि पुढच्या बारा वर्षांत त्यानं ऐंशीहून जास्त चित्रपटांत काम केलं, 'मिंचिन ओट', 'गीता', 'अॅक्सिडेंट' दिग्दर्शित केले. 'अॅक्सिडेंट'ला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्याचा भाऊ, नट अनंत नाग बरोबर होताच.

संध्याकाळी घाटमाथ्यावर सूर्यास्त बघितला. ढगांमुळं समुद्र काही दिसला नाही.

दुसऱ्या दिवशी बंगळूर. जे. पी. नगरमधलं 'रंग शंकरा' हे नाट्यगृह अरुंधती नाग यांनी 2004 मध्ये उभं केलं. नाटक वेळेवर सुरू होतं, उशिरा आलेल्याला आत सोडत नाहीत. आम्ही अर्धा तास आधीच जाऊन बसलो. कन्नड फारसं कळलं नाही, तरी शेवटपर्यंत खिळून होतो.

परतताना ज्या रिक्षात बसलो, तिच्या मागच्या बाजूला शंकर नागचं मोठं चित्र. 'ऑटो राजा' चित्रपटातला रिक्षावाला तोच ना! चालक पंचविशीचा, म्हणजे शंकर नागच्या जाण्यानंतर जन्मलेला. आम्ही आगुंब्याहून आलोय म्हटल्यावर त्यानं रिक्षाच कडेला घेतली. "शंकरअण्णासाठी?" मोडक्या हिंदीत बराच वेळ बोलत राहिला. उतरताना म्हणाला, "पुण्याच्या रस्त्यानं जाणार ना? मग आनगोडूला थांबा."

चित्रदुर्ग मागं टाकून दावणगेऱ्याच्या अलीकडं आम्ही थांबलो. 30 सप्टेंबर 1990 च्या पहाटे इथंच त्याच्या गाडीला अपघात झाला. पस्तिशीचा होता. या रस्त्यानं आम्ही बंगळूरला किती वेळा गेलो असू! खाली उतरून दोघं रस्त्याकडेला उभे राहिलो. ट्रक सुसाट जात होते. भावानं बाटलीतलं पाणी कडेच्या एका रोपट्याला घातलं, आणि आम्ही गाडीत बसलो.