जाम दरवाज्यातून खाली: इंदूर ते नर्मदा, कच्च्या रस्त्याने

नाशिकचा माझा मावसभाऊ दर हिवाळ्यात गंगापूर धरणाच्या बाजूला द्राक्षबागांमधून सायकल हाणत असतो. फोटो पाठवतो आणि खाली एक ओळ लिहितो, "ताई, आहे का तुमच्या इंदुरात असं काही?" यंदा फेब्रुवारीत वैतागून म्हटलं, ये, दाखवते. द्राक्षं नाहीत, पण माळव्याचं पठार संपून खाली निमाड सुरू होतो ती कड आहे, आणि तिथून नर्मदेपर्यंत मुरमाचे, शेतांचे, कालव्याकाठचे भरपूर रस्ते आहेत. फक्त ते जोडून घ्यावे लागतात.

तिघं निघालो. मी, तो, आणि आमच्या कॉलनीतले निवृत्त काका. काकांची सायकल जुनी हायब्रिड, रिम ब्रेकवाली, म्हणजे ब्रेक थेट चाकाच्या धातूच्या कडीला घासणारे. हे मुद्दाम आत्ताच सांगून ठेवते.

पहाटे साडेपाचला इंदूरच्या राजेंद्रनगरहून निघालो. राऊ ओलांडून महूपर्यंतचा रस्ता डांबरी, गर्दीचा आणि कंटाळवाणा आहे. त्यात अंधार असेल तर मागचा दिवा चालू ठेवा आणि गुपचूप पाय मारा. वेळ वाचवायचा असेल तर गाडीत सायकली टाकून थेट महूलाच या, त्यात कमीपणा काही नाही. पोहे-जिलेबी इंदुरातच उरकून निघायचा मोह होतो, तो आवरा. महूत खा, कारण पुढे मंडलेश्वरपर्यंत पोटभर मिळेल याची खात्री नाही. बायकांसाठी आणखी एक: महू सोडल्यावर स्वच्छतागृह म्हणावं असं मला काही सापडलं नाही, त्यामुळे तेही इथेच.

महूपासून बडगोंद्याकडे वळलं की मजा सुरू होते. मुख्य रस्ता डांबरी आहे, पण त्याला समांतर, गावागावांतून जाणाऱ्या वाटा अजून कच्च्या आहेत. आपल्याकडे या प्रकाराला सुटसुटीत शब्द नाही. दुकानदार 'ग्रॅव्हल' म्हणतो, गावातला माणूस 'कच्चा' म्हणतो, आणि चाकाखाली असतो तो मुरूम, म्हणजे इथल्याच काळ्या खडकाचा झिजून झालेला तांबूस चुरा. दाबून बसलेला मुरूम डांबराइतका पळतो. ट्रॅक्टरने खणलेला मुरूम मात्र वॉशबोर्डासारखा, आडव्या वळकट्यांचा होतो, तिथे हँडल घट्ट धरून उपयोग नाही. हात सैल सोडायचे, पाठ मोकळी ठेवायची. माझे टायर ४० मिलिमीटरचे होते, हवा ३८ पीएसआय. मावसभाऊ ५० भरून आला होता, तासाभरात त्याचे दात वाजायला लागले. मग त्यानेही सोडली.

दोन गोष्टी कडक सांगते. महूच्या आसपास लष्कराच्या फायरिंग रेंज आहेत. मोबाइलच्या नकाशावर त्यांतून मोहक वाटा दिसतात. झेंडा लागलेला असो वा नसो, शिरायचं नाही. दुसरी, जंगलातल्या वाटांवर उजाडल्यावरच जा आणि मावळायच्या आत बाहेर पडा. २०२३ च्या मे महिन्यात महूच्या लष्करी परिसरात चक्क वाघ फिरत होता. जाम दरवाज्यापाशीही अंधार पडल्यावर रेंगाळू नका, तिथे जनावरांपेक्षा माणसांची काळजी जास्त.

एका ठिकाणी नकाशाने आम्हाला झकास आत नेलं आणि वाट नाल्यात संपली. बकऱ्या चारणाऱ्या मुलाने शांतपणे सांगितलं, "आगे रस्ता नी हे, भिया." भिया, म्हणजे भैया, मावसभावाला होतं. मग मला पाहून, "दीदी, आप भी वापस लो." दीड किलोमीटर परत. नकाशा आधी उतरवून ठेवा, कारण घाटाजवळ नेटवर्क जातं. पण शेवटचा शब्द बकऱ्यावाल्याचा.

जाम दरवाजा अहिल्याबाईंनी १७९१ मध्ये बांधला. माळव्यातून महेश्वरला उतरायच्या वाटेवर, अगदी कड्याच्या ओठावर. त्या वेळी राजधानी खाली महेश्वरला होती, म्हणजे हे खरं तर घरी जायचं दार. कमानीत उभं राहिलं की पाठीमागे थंड सपाट माळवा आणि समोर एकाखाली एक डोंगर उतरत गेलेला, धुक्यात बुडालेला निमाड. पळसाला नुकती कुठे फुलं धरत होती. शनिवार-रविवारी इथे मक्याची कणसं, चहा, रील करणारी पोरं, सगळं मिळतं. आम्ही शुक्रवारी होतो म्हणून वारा ऐकू आला.

इथे बाटलीतलं पाणी पिताना काका म्हणाले, "हे पाणी आपण परत खाली घेऊन चाललोय." खरंच होतं ते. इंदूरच्या नळाला १९७८ पासून नर्मदेचं पाणी येतं. मंडलेश्वरजवळ जलूदला ते उपसतात, टप्प्याटप्प्याने विंध्य चढवतात आणि महूजवळच्या वांचू पॉइंटवर आणून सोडतात. तिथून पुढे ते उताराने शहरात येतं. इंदूर साधारण साडेपाचशे मीटर उंचीवर, महेश्वर दीडशेच्या जरा वर, आणि मधला कडा इंदूरहूनही उंच. नळ सोडताना हे कधी कळत नाही. ब्रेक दाबून दाबून बोटं दुखायला लागली की नीट कळतं.

घाट डांबरी आहे, वळणं मोठी, आणि वळणावरच वाळू सांडलेली असते. इथे वेग दाखवू नका. काकांना आम्ही तीनदा थांबवलं. दुसऱ्यांदा मी त्यांच्या मागच्या रिमला बोट लावलं आणि चटका बसून मागे घेतलं. रिम एवढी तापली की आतली ट्यूब फुटू शकते, आणि ती वळणावर फुटली तर विचारायलाच नको. रिम ब्रेक असेल तर सतत दाबून न धरता, थोडा वेळ जोरात, मग मोकळा, असं करत उतरा आणि दर दोन-तीन वळणांनी थांबा. डिस्क ब्रेकवाल्यांनीही निघायच्या आधी ब्रेकचे पॅड बघून घ्यावेत.

घाट संपला की हवा बदलते. अक्षरशः ओव्हनचं दार उघडल्यासारखी. वरती स्वेटर, खाली फेब्रुवारीतही दुपारी टोपीखाली ओला रुमाल. लसूण मागे पडतो, कापूस, केळी आणि मिरची सुरू होते. रस्त्याकडेच्या मोकळ्या जागेत लाल मिरच्या वाळत घातलेल्या. वाऱ्याच्या बाजूने सायकल काढलीत तर शिंका आणि डोळ्यांत पाणी, मग खड्डा दिसत नाही. ओढणीने नाक बांधून जा. मार्चच्या मध्यानंतर हा प्रवास करू नका, खरगोन जिल्हा उन्हाळ्यात पंचेचाळीशी गाठतो. पावसाळ्यात तर नाहीच, कारण पुढे येतंय.

संध्याकाळी महेश्वर. मीटरवर ९८ किलोमीटर. राहायला पर्यटन विभागाच्या हॉटेलापासून धर्मशाळेपर्यंत सगळं आहे. फोनवर एकच विचारायचं, सायकल खोलीत घेऊ देणार का. जेवायला निमाडी घरगुती ताट मिळालं तर सोडू नका. अंबाडीची भाजी आणि ज्वारीची भाकरी. अंबाडी इथे अमाडी होते, चव आपलीच.

दुसऱ्या दिवशी सकाळी नदीच्या घाटावरून नावेत सायकली चढवल्या. भाडं आधी ठरवा, सायकलीसकट. मधोमध बाणेश्वराचं देऊळ, आणि पलीकडे नावडातोली. गाव छोटं, पण पुरातत्त्वात मोठं. पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकलियांनी १९५० च्या दशकात इथल्या टेकाडावर खणून साडेतीन हजार वर्षांपूर्वीची वस्ती बाहेर काढली. गोल आणि चौकोनी झोपड्या, गहू, डाळी, रंगवलेली मातीची भांडी. त्यांत उंच पायावर उभे राहणारे पेलेही होते. मावसभावाला फोनवर फोटो दाखवला. तो ओरडलाच, "ताई, हा वाईन ग्लास आहे!" त्यातून काय पीत होते ते मी कशाला सांगू. पण नाशिकचं तोंड एकदाचं बंद झालं. एवढं मात्र खरं, जागेवर जाऊन बघण्यासारखं फारसं नाही, टेकाड आणि शेतं. पेल्यांसाठी वाट वाकडी करू नका, नावेसाठी करा.

दक्षिण काठाने कसरावदकडे जाणारी कच्ची वाट या सगळ्या सफरीतली सर्वांत सुंदर. पहिला भाग नदीला धरून, मग शेतांमधून, मग कालव्याच्या कडेचा सपाट मुरूम. समोरून परिक्रमावासी येत होते, कारण नर्मदा उजव्या हाताला ठेवून चालायचं तर या काठाने पश्चिमेकडेच जावं लागतं. सायकल हळू करा, घंटी बडवू नका, "नर्मदे हर" म्हणा, तेही म्हणतात. पुण्याच्या एक आजी आमचं मराठी ऐकून थांबल्या. पलीकडून नावेने आलो असं कळल्यावर त्यांनी कपाळाला हात लावला. "अरे, मैया ओलांडायची नसते!" काका म्हणाले, "आजी, आम्ही परिक्रमेत नाही, रिकामटेकडे आहोत." आजींनी खडीसाखर दिली. पाच मिनिटांनी तीच उपयोगी पडली.

कारण पुढे एका शेतकऱ्याने गव्हाला पाणी सोडलं होतं आणि ते वाटेवर आलं होतं. वीस पावलांचा ओला पट्टा. मी म्हटलं, एवढंच ना, काढू. काळी माती वाळली की दगड, भिजली की गोंद. चौथ्या पावलावर टायर दुप्पट जाड झाला, आठव्यावर चाक फोर्कमध्ये अडकून थांबलं, आणि पाय टेकवला तर चपलेसकट आत. सायकल उचलायला गेले तर ती एकटीची नव्हती, अर्धं शेत बरोबर येत होतं. बांधावरच्या बाईंनी हसू दाबत पऱ्हाटीच्या तीन काड्या मोडून दिल्या. अर्धा तास तिघं खडीसाखर चघळत, बसून खरवडत होतो. आता सल्ला असा: ओली काळी माती दिसली की सायकल खांद्यावर घ्या, किंवा सरळ वळसा घाला, अंतर कितीही असो. एक चपटी काडी किंवा जुना चमचा फ्रेमच्या पिशवीत ठेवा. आणि पावसाळ्यात का नको, ते वेगळं सांगायला नको.

याच वाटेवर विलायती बाभळीचे काटे आहेत. मावसभावाचं ट्यूबलेस टायर एकदा फुसकन् बसलं, आतलं भोकं बुजवणारं पातळ सीलंट जुनं होऊन वाळलेलं. ट्यूबलेस असलं तरी जास्तीची एक ट्यूब आणि पंप लागतोच. पाण्याच्या माणशी तीन लिटरला पर्याय नाही.

कसरावदहून पुलाने मंडलेश्वर, आणि तिथून थोडं वर जलूद. पंपहाऊस बाहेरूनच बघायचं. उपशाच्या विजेचं बिल एवढं की इंदूर महापालिकेने २०२३ मध्ये २४४ कोटींचे ग्रीन बाँड, म्हणजे पर्यावरणाच्या कामासाठीचे कर्जरोखे काढले, इथल्या ६० मेगावॉटच्या सौर प्रकल्पासाठी. काका बराच वेळ नदीकडे बघत उभे होते. मग म्हणाले, "काकूला सांगतो, टाकी भरली की मोटर बंद करत जा."

परत सायकलने चढायचा बेत मी कोणालाच देणार नाही. जाम घाट दमलेल्या पायांनी चढवत नाही, आणि आग्रा-मुंबई हायवेचा गणपती घाट म्हणजे ब्रेक निकामी झालेल्या ट्रकांसाठी वर्षानुवर्षं बदनाम राहिलेली जागा. मंडलेश्वरहून बस घ्या. टपावर सायकल टाकायची असेल तर पुढचं चाक काढून ठेवा, डिरेलर, म्हणजे गिअर बदलणारा मागचा भाग, वरच्या बाजूला येईल असं आडवं झोपवा आणि दोरी स्वतःची आणा. आमच्या बसमध्ये कंडक्टरने आधी नाही म्हटलं, मग भाडं सांगितलं, मग दोन्ही गोष्टी एकदम म्हटल्या. घासाघीस झाली. शेजारी मिरच्यांची पोती होती, धामनोद मागे पडेपर्यंत अख्खी बस शिंकत होती.

घरी आल्यावर आळस करू नका, चेन त्याच रात्री पुसा. मी सकाळवर ढकललं, तर माती डिरेलरमध्ये अशी वाळली होती की जुना टूथब्रश मोडला. मावसभावाने नाशिकला जाऊन नावेतला फोटो टाकला, खाली काही लिहिलं नाही. काकांनी डिस्क ब्रेकच्या सायकली बघायला सुरुवात केलीय. काकूंना अजून सांगितलेलं नाही.