तीन वॅटची चूल

माझा मावसभाऊ सिअ‍ॅटलला असतो. यंदा दिवाळीला आला तो बॅगेत बायोलाइटचा कॅम्पस्टोव्ह घेऊन. काटक्या पेटवायच्या, वर चहा ठेवायचा आणि त्याच आगीवर मोबाइल चार्ज करायचा, अशी ती चूल. ब्रुकलिनच्या या कंपनीने पहिला कॅम्पस्टोव्ह २०१२ मध्ये बाजारात आणला. याच्याकडचा नंतरचा, टू प्लस.

घरात सगळ्यांचं लक्ष यूएसबीच्या खाचेकडे. माझं मात्र चुलीच्या अंगाला चिकटलेल्या केशरी डब्याकडे. मी सातपूरला हीट ट्रीटमेंटच्या कारखान्यात इन्स्ट्रुमेंटेशन बघतो, म्हणजे थर्मोकपल, तापमान मोजणारी दोन वेगळ्या धातूंच्या तारांची जोडी, हे माझं रोजचं दुखणं. भट्टी ८५० अंशांवर धगधगत असली तरी के-टाइप थर्मोकपल हातावर ठेवतं जेमतेम ३५ मिलिव्होल्ट. तापमान वाचायला तेवढं पुरतं. पण त्याच तत्त्वावर कोणी फोन चार्ज करतो म्हटल्यावर डबा उघडून बघायची फार इच्छा झाली. (भावाने उघडू दिला नाही.)

तत्त्व जुनंच, १८२१ सालचं, झेबेक या जर्मन शास्त्रज्ञाचं. दोन वेगळ्या धातूंच्या जोडणीचं एक टोक गरम आणि दुसरं थंड ठेवलं की व्होल्टेज मिळतं. धातूंऐवजी बिस्मथ टेल्युराइडसारखा अर्धवाहक घेतला आणि अशा ढीगभर जोड्या एकामागे एक लावल्या की कामाची वीज निघते. सोव्हिएत संघात १९५०च्या दशकात रॉकेलच्या कंदिलावर असंच जनित्र बसवून खेड्यापाड्यांत रेडिओ चालवत. या चुलीत केशरी डब्यातून एक धातूचा दांडा थेट आगीत घुसतो. तो गरम बाजू. थंड बाजूचं काम पंखा करतो, त्याच्याकडे येतोच.

चूल पेटवली ती कळसूबाईच्या पायथ्याशी, बारी गावात, ज्यांच्याकडे आम्ही नेहमी जेवायला थांबतो त्या काकूंच्या अंगणात. वर नेली नाही. सगळा डोंगर अभयारण्यात येतो आणि तिथे जाळ करायची सोय नाही, चूल अमेरिकेची असली तरी. वाळकी कारवी, बाभळीच्या बोटाएवढ्या काटक्या, थोड्या सुताराकडच्या ढलप्या. सुरुवातीला नेहमीसारखाच डोळे चुरचुरवणारा धूर. मग भावाने पंख्याचं बटण दाबलं आणि धूर गेला. विरला नाही, गेलाच. आतल्या भोकांतून ज्वाळा गोल फिरायला लागल्या, गॅसच्या बर्नरसारख्या. चहाला आधण आलं तेव्हा काकू आत साखर आणायला गेल्या होत्या, त्या परत आल्याही नव्हत्या.

फोनची गोष्ट वेगळी. चुलीची वीज तीन वॅट. माझ्या फोनची ५००० एमएएचची बॅटरी म्हणजे साधारण १९ वॅट-तास. गळती धरली तर सात-आठ तास चुलीपाशी बसून काटक्या सारायच्या. मोठं लाकूड आत मावत नाही, त्यामुळे उठायची सोय नाही. चुलीचं वजन ९३५ ग्रॅम, आणि पाव किलोची १०,००० एमएएचची पॉवर बँक खिशात ३७ वॅट-तास घेऊन बसलेली असते. दुसरा हिशेब आणखी वाईट. कोरड्या लाकडाच्या किलोत साधारण चार किलोवॅट-तास उष्णता असते. तासाला अर्धा किलो जळलं तर ती दोन किलोवॅटची आग झाली, आणि तिच्यातून आपल्या हाती तीन वॅट.

म्हणून ही चार्जर म्हणून घेऊ नये, असं मी भावाला तिथेच सांगितलं. तो जरा हिरमुसला. पण चूल म्हणून ती झकास आहे, आणि झकास आहे ती त्याच तीन वॅटांमुळे. पंखा दोन कामं करतो: बाहेरची हवा ओढून जनित्राची थंड बाजू थंड ठेवतो आणि तीच हवा आगीत सोडतो. लाकडातून निघणारा वायू अर्धवट जळला की त्याचा धूर होतो. वरच्या भोकांतून हवा मिळाली की तो तिथेच जळून जातो. आगीने पंखा चालवायचा, पंख्याने आग फुलवायची. आत ३२०० एमएएचची बॅटरी आहे, त्यामुळे आग कोवळी असतानाही पंखा फिरतो.

काकू बराच वेळ बघून म्हणाल्या, ‘‘म्हंजी फुंकणीच की ही. फक्त फुकायला माणूस लागत नाय.’’

बायोलाइटने होमस्टोव्ह नावाची घरगुती चूलही काढली, भारतात आणि केनियातही विकली. पंख्याच्या चुली आपल्याकडे आधीही आल्या होत्या. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या मदतीने झालेली ऊर्जा चूल त्यातलीच. पण तिचा पंखा चार्ज केलेल्या बॅटरीवर आणि जळण दाबून केलेल्या गोळ्यांचं (पेलेट). जिथे लाइटच दहा वेळा जाते तिथे चुलीची बॅटरी चार्ज करणं म्हणजे आणखी एक काम. आगीवरच फिरणारा पंखा ते काम वाचवतो. माझ्या मते अख्ख्या यंत्रातली खरी अक्कल इथे आहे. यूएसबीची खाच गिऱ्हाईक थांबवायला.

किंमत तिकडे दीडशे डॉलरच्या घरात. त्या पैशांत मी चांगली स्लीपिंग बॅग घेईन.

भाऊ परत गेला, चूल माझ्याकडेच आहे. कारखान्यातली के-टाइपची एक बारीक वायर बाजूला काढून ठेवली आहे. पुढच्या वेळी ती जनित्राच्या मागे खोचून पंखा पूर्ण वेगात असताना दोन बाजूंत किती अंशांचा फरक राहतो ते मोजणार आहे. वॉरंटी जाईल म्हणून भाऊ तिकडून ओरडतोय.