भारीतलं इंजेक्शन

मे महिन्यात आमच्या कॅज्युअल्टीत मुतखडेवाले वाढतात, ऊन जास्त आणि पाणी पिणं कमी, त्यामुळे त्यात नवल नाही. त्या दुपारी एक ट्रक ड्रायव्हर आला, डाव्या कमरेतून कळ निघून थेट जांघेत, पठ्ठ्या बेडवर टिकेचना, कधी उभा कधी जमिनीवर गुडघे टेकून. मी सिस्टरना म्हटलं डायक्लो ७५ (डायक्लोफेनॅक, नेहमीचं दुखण्यावरचं इंजेक्शन), कमरेत. सोबत आलेल्या त्याच्या भावाचा चेहराच पडला. "साहेब हे तर आमच्या गावातला डॉक्टर पण मारतो, पैशाचं बघू नका, भारीतलं द्या ना."

आता त्याला काय सांगणार. खडा अडकला की मागे लघवी तुंबते, किडनीत प्रेशर वाढतं, त्यात प्रोस्टाग्लँडिन नावाचं शरीरातलंच रसायन भर घालतं आणि डायक्लो नेमकं तेच कमी करतं. भारीतलं म्हणजे मॉर्फिन, अफूतलं औषध, ते नुसतं दुखणं दाबतं, वर उलट्या. कतारमध्ये दीड हजारांवर पेशंटवर तुलना झालीय, २०१६ ला लॅन्सेट ह्या मेडिकल जर्नलमध्ये आली, अर्ध्या तासात कळ निम्म्यावर किंवा त्याखाली आलेले डायक्लोवाले ६८ टक्के, मॉर्फिनवाले ६१. फरक फार मोठा नाही, पण स्वस्तातलं पुढे आहे ना! आमचा ड्रायव्हर तर थोड्या वेळाने चहा मागायला लागला.

तेवढ्यात एक काकू, लग्नाचं जेवण जेवून आलेल्या, उजव्या बरगडीखाली दुखतंय, पाठीत खवाट्यापर्यंत जातंय. कित्येक महिने पित्त म्हणून अ‍ॅसिडिटीच्या गोळ्या चालू. आधी इसीजी काढला, कारण हार्ट अटॅक पण कधीकधी असाच येतो, तो नॉर्मल, मग सोनोग्राफीत पित्ताशय खड्यांनी भरलेलं. त्यांनाही डायक्लोच. पोटातला पीळ सोडवणाऱ्या नुसत्या बस्कोपॅनपेक्षा ह्याने कळ चांगली उतरते आणि पुढे पित्ताशयाला सूज येण्याचं प्रमाणही कमी होतं असं दिसलंय. ऑपरेशन टळत नाही अर्थात, सर्जनकडे पाठवलंच.

शेजारच्या बेडवर एक आजोबा, तीच कमरेची कळ. ह्या वयात पहिल्यांदा अशी कळ आली की मला आधी पोटातली महाधमनी फुगलीय का ते बघितल्याशिवाय चैन पडत नाही. ती ठीक होती, खडाच निघाला. ड्रायव्हरचा भाऊ आता आमचा प्रचारकच, "बाबांना पण तेच मारा की!" पण आजोबांचं रक्तातलं क्रिएटिनिन २.६, म्हणजे किडनी आधीच थकलेली, डायक्लो दिलं असतं तर उरलीसुरली पण रुसली असती. म्हणून शिरेतून पॅरासिटामॉल लावलं, एक ग्रॅमची बाटली.

बाटली बघून भाऊ माझ्याकडे रोखून बघतोय. "म्हणजे भारीतलं होतं तर तुमच्याकडे."